घटस्फोटाआधी पैशाची तयारी कशी करायची? बायकांकडून नेहमी येणारे प्रश्न

मी वकील नाही आणि सीए पण नाही. माझा स्वतःचा घटस्फोट झालाय, त्यात पैशाच्या बाबतीत ज्या चुका केल्या त्या अजून आठवतात, आणि तेव्हापासून ओळखीतल्या, मग ओळखीच्या ओळखीतल्या बायका फोन करायला लागल्या की जरा फाइल लावायला मदत कर ना. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. सगळं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहे. वाचताना एकच डोक्यात ठेवा, हक्क कायदा देतो पण आकडा कागदावरून ठरतो, आणि तो कागद आपल्याकडे नसेल तर आपण कितीही खरं बोलत असलो तरी कोर्टापुढे ते नुसतं बोलणंच राहतं.

अजून काही ठरलेलं नाही, नुसतं मनात येतंय. आत्तापासून तयारी करणं बरोबर आहे का?

हो, आणि अपराधी वाटून घेऊ नका. आपल्या घरात पैसा किती येतो, कुठे जातो, कर्ज किती आहे हे माहीत असणं म्हणजे संसार मोडणं नाही. उद्या सगळं सुरळीत झालं तरी ही माहिती वाया जात नाही. उलट भांडण विकोपाला गेलं, नोटीस आली, की पहिल्यांदा कपाटाची चावी जागेवरून जाते आणि पासवर्ड बदलतात, मग हातात काहीच उरत नाही.

नेमके कोणते कागद गोळा करू?

आधी स्वतःचे आणि मुलांचे ओरिजिनल. आधार, पॅन, पासपोर्ट, मार्कशीट आणि डिग्र्या, लग्नाचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, स्वतःची पासबुकं, एफडीच्या पावत्या, पॉलिसी. हे शांतपणे माहेरी किंवा विश्वासाच्या माणसाकडे नेऊन ठेवा. लग्नाचा अल्बम पण, का ते दागिन्यांच्या प्रश्नात सांगते.

मग घरात जे कागद येतात त्यांचे फोटो. नवऱ्याची सॅलरी स्लिप, फॉर्म सोळा, रिटर्नची कॉपी, बँक स्टेटमेंट, होम लोनचं सँक्शन लेटर, फ्लॅटचं ॲग्रीमेंट, विमा, डीमॅट, गाडीचे कागद. धंदा असेल तर जीएसटीचे कागद, भागीदारीचं डीड, दुकानाचं लायसन्स. महाराष्ट्रात जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन बघता येतो, आणि फ्लॅट किंवा दुकानाच्या खरेदीचा इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या साइटवर शोधता येतो, त्यासाठी नवऱ्याला विचारायची गरजच नाही. खरेदी कुणाच्या नावावर झाली, कधी झाली, किती रकमेला झाली हे सगळं त्यात असतं.

फक्त एक सांगते, त्याचा फोन हॅक करणं, त्याच्या नेट बँकिंगमध्ये चोरून शिरणं असलं काही करू नका, ते आपल्याच अंगाशी येतं. घरात समोर पडलेल्या कागदाचा फोटो काढणं वेगळं. आणि त्याचे ओरिजिनल उचलून नेऊ नका, फोटो पुरतो. बाकीची माहिती कोर्ट त्याच्याकडून मागवतं, पण काय मागवायचं हे आपल्याला माहीत असायला लागतं, कोणत्या बँकेत खातं आहे, कंपनी कोणती, प्लॉट कुठल्या गावात आहे, एवढा धागा तरी हातात हवा.

माझं खातं माझ्याच नावावर आहे, मग त्यात काय काळजी?

मी पण असंच म्हणायचे. पगार माझा, खातं माझं, पण मोबाईल नंबर फॅमिली प्लॅनमधला होता आणि सिम त्याच्या नावावर. वेगळी राहायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते सिम बंद झालं. बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली की मॅडम जुन्या नंबरवर ओटीपी आल्याशिवाय नवीन नंबर पडत नाही. मी आधार, पॅन, पासबुक सगळं तिच्यासमोर मांडून उभी, माझ्याच सहीचे नमुने तिच्या स्क्रीनवर, आणि माझेच पैसे मला मिळेनात. फॉर्म भरून, अर्ज देऊन, दोनदा परत जाऊन काम झालं त्याला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस मी मैत्रिणीकडून पैसे घेऊन काढले.

म्हणून पहिलं काम हे करा. स्वतःच्या नावावर सिम, नवीन ईमेल ज्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर दोन्ही आपलाच, मग बँक, आधार, पॅन, पीएफ, म्युच्युअल फंड, मेडिक्लेम सगळीकडे तो नंबर आणि मेल टाका. घरातल्या कॉम्प्युटरवर किंवा त्याच्या फोनवर आपलं मेल लॉगिन राहिलंय का ते बघा. आणि एक नवीन बचत खातं वेगळ्या बँकेत उघडा, ज्या शाखेत त्याची ओळख आहे तिथे नको. पत्ता माहेरचा किंवा ऑफिसचा चालत असेल तर तो द्या, नाहीतर चेकबुक सरळ घरी येतं.

जॉइंट खात्यातले पैसे काढून घेऊ का?

सगळे काढू नका. बहुतेक जॉइंट खाती "दोघांपैकी कोणीही" अशी असतात, म्हणजे एकटा माणूस सगळी रक्कम काढू शकतो, आणि हे त्यालाही लागू आहे, म्हणून धोका खरा आहे. पण खातं रिकामं केलं तर समोरचा वकील तेच पान पुढे करतो. मधला रस्ता असा की बँकेला लेखी द्या की यापुढे दोघांच्या सहीशिवाय पैसे काढू देऊ नका, आणि त्या अर्जावर पोच घ्या. अगदी गरजेपुरते काढले तर कशासाठी ते लिहून ठेवा, फी भरली, औषधं आणली, पावती जोडून ठेवा. आणि आपला पगार तिथे जमा होत असेल तर तो आधी नवीन खात्यात वळवा.

घर त्याच्या नावावर आहे. घटस्फोटानंतर मला अर्धं मिळतं ना?

नाही, आणि हे ऐकून फार बायका हादरतात. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेत आपोआप अर्धा हिस्सा असं नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे वेगळी पद्धत आहे, बाकी देशात ज्याच्या नावावर त्याचं. त्याची मालमत्ता किती आहे हे पोटगी ठरवताना कोर्ट बघतं, पण पोटगी म्हणजे वाटणी नव्हे. घर घेताना तुमचे पैसे गेले असतील, तुमच्या पगारातून डाउन पेमेंट झालं असेल, माहेरून चेक आला असेल, तर त्याची बँक एंट्री शोधून काढा, तिथे दावा उभा राहतो. रोख दिलेलं सिद्ध करणं फार अवघड जातं.

राहण्याचा हक्क मात्र मालकीपेक्षा वेगळा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात एकत्र राहत होतो त्या घरात राहण्याचा हक्क आहे, नाव कोणाचंही असो, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते यात येऊ शकतं. नवऱ्याला वेगळ्या घराचं भाडं द्यायला पण कोर्ट सांगू शकतं. म्हणून रागात, फक्त नेसत्या कपड्यांनिशी घर सोडू नका. हां, मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल तर कागद वगैरे काही बघू नका, आधी निघा, महिला हेल्पलाइन १८१ आहे, बाकी सगळं नंतर मिळवता येतं.

फ्लॅट दोघांच्या नावावर आणि लोन चालू आहे. कोर्टाने लोन त्याच्यावर टाकलं की मी सुटले का?

बँकेच्या दृष्टीने नाही. तुम्ही दोघांनी मिळून बँकेला लिहून दिलंय, तुमच्या घटस्फोटाशी बँकेला देणंघेणं नसतं. तो हप्ते भरायचा थांबला की वसुलीचा फोन तुम्हालाही येणार आणि सिबिल तुमचाही पडणार, मग पुढे स्वतःसाठी साधं लोन घेताना अडचण. त्यामुळे नुसतं "लोन पती भरेल" असं लिहून भागत नाही. एकतर घर विकून लोन फेडायचं, किंवा बँकेने त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर लोन मंजूर करून तुमचं नाव लेखी काढायचं आणि मगच तुम्ही रजिस्टर्ड हक्कसोड करायची. हा क्रम उलटा झाला की घर गेलं आणि कर्ज राहिलं अशी गत होते.

क्रेडिट रिपोर्ट आत्ताच काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्या सहीवर कुठे कुठे लोन निघालंय, कुठे जामीन आहोत, ॲड-ऑन कार्ड कोणतं चालू आहे ते त्यात दिसतं.

लग्नातले दागिने सासूबाईंकडे आहेत. ते कोणाचे?

तुमचे. लग्नात, लग्नाआधी, लग्नानंतर तुम्हाला म्हणून जे मिळालं, माहेरून असो की सासरहून, ते स्त्रीधन. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की स्त्रीधनावर नवऱ्याचा मालकी हक्क नाही, ती दोघांची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीच्या वेळी त्याने वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याची.

प्रश्न येतो तो पुराव्याचा. म्हणून अल्बम. एकदा एका मुलीबरोबर बसून आम्ही तिच्या लग्नाचे फोटो बघितले, हळदीपासून बिदाईपर्यंत, आणि ज्या ज्या फोटोत दागिना स्पष्ट दिसतो त्याला नंबर दिला. पाटल्या, तन्मणी, मोठं मंगळसूत्र, कानातले. मग तिच्या आईने ट्रंकेतून सोनाराच्या पावत्या काढल्या, त्यातल्या अर्ध्या पुसट झालेल्या, पण वजन वाचता येत होतं. फोटो, पावती, वजन असा तक्ता झाला आणि तिचा दावा एकदम ठाम झाला. लॉकर जॉइंट असेल तर वेळेत जाऊन आतल्या वस्तूंचे फोटो घ्या, आणि लॉकर कोणी कधी उघडला याची नोंद बँकेत राहते हे लक्षात ठेवा. दागिने गोल्ड लोनला टाकलेत का ते पण तपासा.

पोटगी किती मिळेल? पगाराच्या २५ टक्के असा नियम आहे ना?

नियम नाही. २०१७ च्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के योग्य वाटतात असं म्हटलं आणि तो आकडा सगळीकडे पसरला. प्रत्यक्षात दोघांचं उत्पन्न, लग्न किती वर्षं टिकलं, वय, तब्येत, मुलं, नोकरी सोडली का, राहणीमान कसं होतं, त्याच्यावर आणखी कोण अवलंबून आहे असं सगळं बघतात.

यात सगळ्यात महत्त्वाचा २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल. त्याप्रमाणे दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, निकालाच्या तारखेपासून नाही. म्हणजे अर्ज करायला वर्षभर उशीर केला तर त्या वर्षाचे पैसे गेले. खोटं शपथपत्र दिलं तर कारवाई होऊ शकते, तुमच्यावर पण, म्हणून आपलं उत्पन्न लपवू नका.

आता खर्चाच्या रकान्याबद्दल. एक ताई तीन पानं भरून घेऊन आल्या होत्या. मुलाचे बूट, मुलीचा क्लास, सासूबाईंच्या गोळ्यासुद्धा लिहिलेल्या. आणि स्वतःचा खर्च या रकान्यात आडवी रेघ. मी विचारलं तर म्हणाल्या, मला कुठे काय लागतं. त्यांच्या चष्म्याची काडी टेपने चिकटवलेली होती. मग आम्ही दोघी बसलो, चष्मा, थायरॉईडची गोळी, दाताचं राहिलेलं काम, पॅड्स, रिचार्ज, रोजचं येणं-जाणं, चपला, दोन साध्या साड्या, आजारपणाला काहीतरी बाजूला, आणि पान भरलं. कोर्ट न लिहिलेलं देत नाही हो. तीन महिने रोजचा खर्च वहीत लिहा, मग वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून त्यात घाला, हा आकडा खरा असतो आणि उलटतपासणीत टिकतो.

मी नोकरी करते, मग मला पोटगी मिळणारच नाही का?

मिळू शकते. कमावते म्हणून आपोआप हक्क जात नाही, तुमच्या कमाईत तुमचं आणि मुलांचं पूर्वीसारखं भागतं का हे बघतात. शिकलेली आहे म्हणजे कमवू शकते असं समोरून म्हणतील, पण कमवण्याची क्षमता असणं आणि खरंच कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. मुलांसाठी नोकरी सोडली असेल तर तो राजीनामा, शेवटची सॅलरी स्लिप जपून ठेवा. उलट बाजू पण सांगते, हिंदू विवाह कायद्यात पोटगी दोघांपैकी कोणीही मागू शकतं, तुमची कमाई त्याच्यापेक्षा बरीच जास्त असेल तर तो मागू शकतो.

केस संपेपर्यंत घर कसं चालवायचं?

अंतरिम पोटगी. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आहे, त्यात केसचा खर्च पण मागता येतो. सगळ्या धर्मांना लागू असलेलं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. आणि हिंसाचार कायद्यातही पैसे मागता येतात. तिन्ही ठिकाणी अर्ज करता येतो पण एकीकडे मिळालेलं दुसरीकडे सांगावं लागतं, ते वळतं होतं. अंतरिम अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे, पण तारखांवर तारखा पडतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च, जमलं तर वर्षाचा, बाजूला असल्याशिवाय मोठं पाऊल टाकू नका असं मी सांगते. मुदतपूर्व एफडी मोडायची, माहेरचा आधार घ्यायचा, कमी पगाराची का होईना नोकरी धरायची, सगळं आधीच जुळवा.

एकरकमी घेऊ की महिन्याला?

माणूस कसा आहे त्यावर. पैसे लपवणारा, सारखी नोकरी बदलणारा, परदेशी जायच्या बेतात असलेला असेल तर मी एकरकमीच म्हणेन, एकदा हातात आलं की त्याच्या मागे फिरायला नको. एकरकमी रकमेवर साधारणपणे इन्कम टॅक्स लागत नाही, महिन्याची पोटगी उत्पन्नात धरतात. शिवाय तुम्ही पुन्हा लग्न केलं तर महिन्याची बंद करायला तो कोर्टात जाऊ शकतो. पण एकरकमी घेताना महागाई विसरतात बायका. आजच्या खर्चाला उरलेली वर्षं गुणून बघा आणि वर आजारपण धरा.

महिन्याची घेत असाल तर वाढीचं कलम लिहून घ्या. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये महिना ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिलाय. त्याच्या मालमत्तेवर पोटगीचा बोजा चढवायला पण मागणी करता येते, ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे आणि फार कमी जणी मागतात. आणि पैसे बँकेतूनच घ्या, रोख नको.

पोटगी ठरली पण तो देतच नाही. मग?

वसुलीचा अर्ज करायचा, वॉरंट निघतं, मालमत्तेवर टाच येऊ शकते, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण कलम १२५ किंवा आताच्या १४४ खाली असा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. देईल आज ना उद्या म्हणून दीड वर्ष थांबू नका.

मुलांच्या खर्चाचं काय?

मुलांची पोटगी वेगळी मागा, तुमच्यात मिसळू नका, कारण तुमचा हक्क गेला तरी त्यांचा राहतो. फी सरळ शाळेच्या खात्यात भरायची असं लिहून घ्या, आणि ॲडमिशन, आजारपण, लॅपटॉप असले मोठे खर्च कोणी किती उचलायचे तेही.

मेडिक्लेम, विमा, नॉमिनी?

त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असाल तर डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, झाली की पत्नी म्हणून कव्हर संपतं. स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं.

नॉमिनीबरोबर मृत्युपत्र पण करा, हे मी हात जोडून सांगते. डिक्री होत नाही तोवर तो कायद्याने नवराच आहे, हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर तुमच्या स्वतःच्या कमाईत मुलांबरोबर त्याचाही हिस्सा लागतो. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र होतं, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं.

आमचं लग्न हिंदू पद्धतीचं नाही.

स्पेशल मॅरेज ॲक्ट आणि ख्रिश्चन, पारशी कायद्यात पोटगीची आपापली कलमं आहेत. मुस्लिम महिलांसाठी १९८६ चा वेगळा कायदा आहे, मेहर त्यात मागता येतो, आणि घटस्फोटित मुस्लिम महिलेला कलम १२५ खालीही पोटगी मागता येते हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००, नाहीतर जिल्हा कोर्टात ऑफिस असतं तिथे सरळ जा. खाजगी वकील केला तर फी टप्प्याटप्प्याने कशी ते आधीच लिहून घ्या.

म्युच्युअल कन्सेंटला, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाला, तो तयार आहे, पण म्हणतो आत्ता सही कर, पैशाचं नंतर बघू.

नंतर कोणी बघत नाही. थकलेलो असतो आपण, सुटका हवी असते, आणि नेमकी त्याच दिवशी सही होते. माझीही तशीच झाली, एका एफडीचं नाव कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी अटींमध्ये, नव्हतं आणि ती गेली ती गेलीच. प्रत्येक खातं, फोलिओ, दागिना, फ्लॅट नंबर, तारीख, चेक नंबर लिहिलेला हवा. पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये, म्हणजे संमती सांगायला दोघांनी कोर्टात जायच्या दोन टप्प्यांत, साधारण सहा महिने असतात, रकमेचा काही भाग पहिल्या मोशनला आणि बाकीचा डीडीने दुसऱ्या मोशनच्या दिवशी कोर्टासमोर असं ठेवा. आणि तोपर्यंत "आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो" असं कुठल्या साध्या कागदावर लिहून देऊ नका, कलम १४४ मध्ये पत्नीची पोटगी त्यावरून अडू शकते.

डिक्री हातात आली, आता काय काय बदलायचं?

सर्टिफाइड कॉपी एकदम चार-पाच काढून ठेवा, बँक, पासपोर्ट, सोसायटी, मुलांची शाळा सगळे मागतात. मग नॉमिनी बदला, ॲड-ऑन कार्ड आणि जॉइंट खाती बंद करून क्लोजर लेटर घ्या, आडनाव बदलणार असाल तर पॅन आणि आधार एकाच स्पेलिंगने करा नाहीतर रिटर्न आणि पीएफ अडकतो. आणि तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा एकदा बघा, बंद केलेलं लोन त्यात खरंच बंद दिसतंय का ते.